ल्युकाची एकोणचाळीस अंकी संख्या

१७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७.

ही संख्या एकोणचाळीस अंकी आहे. एकं, दहं, शतं म्हणत परार्धापर्यंत गेलं तरी अठराच स्थानं भरतात. इथे त्यांच्या दुपटीहून अधिक स्थानं आहेत. १२७ वेळा २ मांडून त्यांचा गुणाकार केला आणि त्यातून १ वजा केला, की ही संख्या हाती येते. ती मूळ संख्या आहे, म्हणजे १ आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कोणत्याही संख्येनं तिला पूर्ण भाग जात नाही, हे एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञानं १८७६ साली जाहीर केलं. पुढची पंचाहत्तर वर्षं माणसाला ठाऊक असलेली ती सर्वांत मोठी मूळ संख्या होती. यंत्राची मदत न घेता, निव्वळ हाताच्या हिशेबानं सापडलेल्या मूळ संख्यांमध्ये आजही तिचाच क्रमांक पहिला लागतो.

हे त्यानं केलं कसं, हा खरा प्रश्न आहे. शाळेत शिकवलेली रीत इथे चालत नाही. एखादी संख्या मूळ आहे का ते पाहायचं तर तिच्या वर्गमुळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी तिला भागून पाहावं लागतं. या संख्येचं वर्गमूळ १३ वर अठरा शून्यं दिल्यावर येणाऱ्या आकड्याहून किंचित मोठं आहे, आणि तिथवर सुमारे तीन परार्ध मूळ संख्या आहेत. दर मिनिटाला एक भागाकार, रात्रंदिवस, न थांबता, असा वेग धरला तर सुमारे ५७ हजार कोटी वर्षं लागतील. विश्वाचं वय १,३८० कोटी वर्षांच्या आसपास आहे.

तेव्हा ल्युकानं भागाकार केलेच नाहीत. त्यानं भागाकाराला बगल देणारा रस्ता शोधला, आणि या संख्येची थोरवी त्या रस्त्यात आहे. एरवी एकोणचाळीस अंकी मूळ संख्यांना काही तोटा नाही. या संख्येच्या आसपास सरासरीनं दर अठ्ठ्याऐंशी संख्यांमागे एक मूळ संख्या येते. त्या सगळ्या तितक्याच अविभाज्य आहेत, पण १८७६ मध्ये त्यांपैकी एकीकडेही बोट दाखवून ‘ही मूळ’ असं खात्रीनं म्हणता येत नव्हतं. या एकीबद्दल म्हणता आलं, कारण तिची घडण वेगळी आहे.

ती घडण डोळ्यांनी पाहायची तर संख्या द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून लिहावी. मग तिच्यात एकही शून्य उरत नाही; एकापुढे एक असे १२७ वेळा १ येतात. अशा निव्वळ एकांच्या संख्या फार जुन्या काळापासून ओळखीच्या आहेत: ३, ७, १५, ३१, ६३, १२७. एकांची संख्या संयुक्त असेल तर तिचे भाग लगेच पडतात. ६३ मध्ये सहा एक आहेत. त्यांचे तीन-तीनचे दोन गट होतात, म्हणून ७ नं भाग जाणार हे न भागताच कळतं. एकांची संख्या मूळ असेल तरच आशा. पण तेवढ्यानं काम भागत नाही. अकरा एकांची संख्या २०४७ आहे आणि ती २३ गुणिले ८९ निघते. हे विभाजक १५३६ मध्ये जर्मनीत हुदालरिकुस रेगियुस यानं दाखवले.

या कुळाला नाव मिळालं ते मॅरीं मर्सेन या पॅरिसमधल्या मठात राहणाऱ्या धर्मगुरूचं. सतराव्या शतकात युरोपभरच्या विद्वानांशी त्याचा पत्रव्यवहार चाले. फर्मा, देकार्त अशांचे शोध त्याच्या पत्रांतून एकमेकांपर्यंत पोचत. १६४४ मध्ये त्यानं छापून टाकलं की २५७ पर्यंतच्या घातांपैकी फक्त २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ या घातांना मूळ संख्या मिळते. त्या यादीत पाच चुका निघाल्या. ६७ आणि २५७ चुकीनं आत आले होते, तर ६१, ८९ आणि १०७ बाहेर राहिले होते. तरी मर्सेनला नावं ठेवणं बरोबर नाही. एवढ्या मोठ्या संख्या तपासणं त्या काळी कोणालाच शक्य नव्हतं. त्याच्या यादीनं पुढच्या तीनशे वर्षांच्या गणितज्ञांना एक नेमकं काम लावून दिलं, आणि १२७ हा घात त्याच यादीतून ल्युकाच्या समोर आला.

मधल्या काळात एक मोठी उडी ऑयलर या गणितज्ञानं घेतली होती. १७७२ मध्ये योहान (तिसरा) बर्नुलीला लिहिलेल्या पत्रात त्यानं सांगितलं की एकतीस एकांची संख्या, म्हणजे २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७, मूळ आहे. त्याची रीत भागाकाराचीच होती, पण ती गाळणी लावून. मर्सेन संख्येच्या विभाजकाला ठरावीक साच्यातच बसावं लागतं: घाताची दुप्पट करायची, तिच्या कुठल्यातरी पटीत १ मिळवायचा. २०४७ चे विभाजक पाहा. ११ ची दुप्पट २२. २२ अधिक १ म्हणजे २३, आणि ८८ अधिक १ म्हणजे ८९. ही आणि आणखी एक गाळणी लावल्यावर ऑयलरपुढे जास्तीत जास्त ३७२ भागाकार उरले. तेवढे माणूस करू शकतो.

ऑयलरची हीच संख्या आज प्रत्येकाच्या जवळपास असते. एक बिट चिन्हासाठी राखून ठेवला, तर बत्तीस बिटांत साठवता येणारा सर्वांत मोठा धन पूर्णांक तो हाच. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद बत्तीस बिटांत मोजणाऱ्या जुन्या संगणकप्रणालींचा हिशेब १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी, नेमका या मूळ संख्येवर येऊन भरतो.

ऑयलरची गाळणी १२७ च्या घाताला लावली तरी उरलेले भागाकार सुमारे १२ कोटी गुणिले १ कोटी इतके होतात. रीतच बदलायला हवी होती.

ल्युकाचा जन्म १८४२ मध्ये आमियँ इथे झाला. पॅरिसच्या वेधशाळेत त्यानं काही काळ काम केलं, फ्रान्स आणि प्रशिया यांच्या युद्धात तोफखान्यात अधिकारी म्हणून तो लढला, आणि नंतरचं आयुष्य शाळांतून गणित शिकवण्यात गेलं. विद्यापीठातलं मोठं पद त्याच्या वाट्याला आलं नाही. गणिती खेळांची त्याला मनापासून आवड होती. तीन खुंट्या आणि लहान होत जाणाऱ्या चकत्यांचा ‘हनोईचा मनोरा’ हा खेळ त्याचाच. १८८३ मध्ये तो बाजारात आला आणि त्याच्या जोडीला काशीच्या मंदिरातल्या चौसष्ट सोन्याच्या चकत्यांची गोष्ट सांगितली जाऊ लागली. त्या खेळात चकत्या जितक्या, तितक्या घाताची मर्सेन संख्या म्हणजे कमीत कमी चालींची संख्या. तीन चकत्यांना ७ चाली, सात चकत्यांना १२७. १२७ चकत्यांचा मनोरा रचला तर तो हलवायला लागणाऱ्या चाली म्हणजे या लेखाच्या सुरुवातीची एकोणचाळीस अंकी संख्या.

आता त्याची रीत. ३ पासून सुरुवात करायची. वर्ग करायचा आणि त्यातून २ वजा करायचे. आलेल्या उत्तराला तपासायच्या संख्येनं भागून फक्त बाकी ठेवायची. मग पुन्हा वर्ग, पुन्हा २ वजा, पुन्हा बाकी. घात जितका असेल त्याहून दोननं कमी वेळा हे करायचं. शेवटी शून्य उरलं तर संख्या मूळ.

सात एकांच्या १२७ वर हे करून पाहता येतं. ३ चा वर्ग ९, उणे २, म्हणजे ७. ७ चा वर्ग ४९, उणे २, म्हणजे ४७. ४७ चा वर्ग उणे २ केला की २२०७ येतात. १२७ नं भागल्यावर बाकी ४८. पुढच्या पायरीला २३०२ येतात, बाकी १६. आणि १६ चा वर्ग २५६, उणे २, म्हणजे २५४. ती १२७ ची बरोबर दुप्पट. बाकी शून्य. पाच पायऱ्यांत निकाल लागला आणि २, ३, ५, ७, ११ यांपैकी एकानंही भागावं लागलं नाही.

तोच खेळ अकरा एकांच्या २०४७ वर मांडला तर वेगळंच चित्र दिसतं. ३, ७, ४७, मग १६०, १०३४, ६२०, १६०९, १४७१, आणि पुढच्या पायरीला पुन्हा १६०. हिशेब एका वर्तुळात अडकला. आता तो कितीही पुढे नेला तरी त्याच पाच संख्या फिरून फिरून येत राहणार, शून्य कधीच येणार नाही. २०४७ संयुक्त आहे हे असं कळतं, आणि २३ किंवा ८९ यांचं नाव कुठेही घ्यावं लागत नाही. ज्यांना आकडेमोडीची गोडी आहे त्यांनी ही आवर्तनं एकदा कागदावर करून पाहावीतच. वाचून कळतं त्यापेक्षा ती करताना अधिक कळतं.

३, ७, ४७, २२०७ या संख्या ल्युकानं हवेतून उचललेल्या नव्हत्या. १, १, २, ३, ५, ८ ही मालिका सर्वांच्या परिचयाची आहे. तिला फिबोनाचीचं नाव रूढ करण्यात ल्युकाचाच मोठा वाटा आहे. मात्रावृत्तांची मोजदाद करताना विरहांक आणि हेमचंद्र यांनी ती भारतात त्याआधीच मांडली होती. तिची सख्खी बहीण म्हणजे १, ३, ४, ७, ११, १८, २९, ४७ ही मालिका, आज जिला ल्युकाचं नाव आहे. तिच्यातलं दुसरं पद ३, चौथं ७, आठवं ४७, सोळावं २२०७. वर्ग करून २ वजा करणं म्हणजे या मालिकेत दर वेळी दुप्पट अंतरावर उडी मारणं. १२५ उड्यांत ल्युका अशा पदापर्यंत पोचला, ज्याचा क्रमांकच २ चा १२६वा घात आहे.

पण शून्य आलं म्हणून संख्या मूळ, हे कशावरून? गणितातल्या सुंदर युक्तिवादांपैकी हा एक आहे, आणि तो समजायला फार सामग्री लागत नाही. ३ मध्ये ५ चं वर्गमूळ मिळवून निम्मं केलं की एक संख्या मिळते. वरचा सगळा हिशेब म्हणजे पडद्याआड तिचे घात घेणं आहे. शेवटची बाकी शून्य आली, तर त्यातून एवढं नक्की निघतं: बाक्यांच्या हिशेबात ही संख्या स्वतःनं गुणत गेलं तर पुन्हा १ वर यायला २ चा १२७वा घात इतक्या पायऱ्या लागतात, एकही कमी नाही. वाटेत एकही मुक्काम दोनदा येत नाही.

आता समजा, ल्युकाच्या संख्येला विभाजक आहे. मग तिचा सर्वांत लहान मूळ विभाजक तिच्या वर्गमुळाहून मोठा असणार नाही. तो विभाजक धरून बाक्या काढल्या, तर त्या जगात, ५ चं वर्गमूळ आत घेतलं तरी, शून्य सोडून असणाऱ्या संख्या त्या विभाजकाच्या वर्गाहून कमीच भरतात. म्हणजे ल्युकाच्या संख्येहून कमी. आणि फेरा तर तिच्याहून एकानं लांब आहे. इतके वेगवेगळे मुक्काम हवेत आणि तितक्या जागाच नाहीत. म्हणून तसा विभाजक असू शकत नाही.

एवढंच. विभाजक शोधायचेच नाहीत; विभाजकाला राहायला जागा उरत नाही हे दाखवायचं. हे जमतं ते संख्येच्या घडणीमुळे. तिच्यात १ मिळवला की निव्वळ २ चा घात होतो, आणि त्या एका अधिक संख्येचे सगळे विभाजक आपल्याला पूर्ण माहीत असतात. फेऱ्याची लांबी नेमकी कळते ती त्यामुळेच. जवळपासच्या इतर एकोणचाळीस अंकी मूळ संख्यांना ही सोय नव्हती.

तरीही १२५ वेळा एकोणचाळीस अंकी संख्येचा वर्ग करायचा, दर वेळी येणाऱ्या सत्याहत्तर अंकांपर्यंतच्या गुणाकाराला भागून बाकी काढायची, हे कष्टाचं काम आहे. इथेही ल्युकानं संख्येच्या घडणीचाच फायदा घेतला. द्विमान पद्धतीत मर्सेन संख्येनं भागावंच लागत नाही. संख्या कापायची आणि वरचा तुकडा खालच्या तुकड्यात मिळवायचा. २२०७ चं उदाहरण घ्या. त्यात १२८ सतरा वेळा बसतात आणि ३१ उरतात. १७ आणि ३१ मिळून ४८. हीच १२७ नं भागल्यावरची बाकी. १२८ आणि १ यांची बाकी सारखीच, म्हणून हे चालतं.

यावरून त्यानं बुद्धिबळाच्या पटासारखी मांडणी सुचवली: १२७ ओळी, दर ओळीत १२७ घरं, एकंदर १६,१२९. प्यादं म्हणजे १, रिकामं घर म्हणजे ०. द्विमान पद्धतीत २ नं गुणायचं तर सगळी प्यादी एक घर डावीकडे सरकवायची. डाव्या कडेबाहेर पडणारं प्यादं उजव्या कडेनं आत येतं, कारण २ च्या १२७व्या घाताची बाकी १ असते. अशा सरकवलेल्या ओळी एकाखाली एक मांडल्या की गुणाकार तयार. मग उभ्या रकान्यातली प्यादी एकत्र करायची; एका घरात दोन जमली की ती उचलून डावीकडच्या घरात एक ठेवायचं. गुणाकार, भागाकार, बाकी, सगळं प्याद्यांच्या हालचालीत संपतं. साठ-सत्तर वर्षांनी इलेक्ट्रॉनिक यंत्रं ज्या रीतीनं हिशेब करू लागली, तिच्याशी या पटाचं नातं फार जवळचं आहे.

ल्युकानं आपला हिशेब सविस्तर छापला नाही, त्यामुळे पूर्ण खात्रीसाठी तो दुसऱ्या कोणी करून पाहणं आवश्यक होतं. फ्रान्समधल्याच फोकांबेर्ग यांनी १९१४ च्या सुमारास तो द्विमान पद्धतीत पुन्हा केला आणि शून्यच आलं.

१८७६ मध्येच ल्युकानं आणखी एक गोष्ट सांगितली होती, आणि ती पचवायला लोकांना जड गेली. मर्सेनच्या यादीतला ६७ हा घात चूक आहे, ती संख्या संयुक्त आहे, पण तिचे विभाजक मात्र त्याला ठाऊक नव्हते. संख्या फुटते हे माहीत, कुठे फुटते ते माहीत नाही. सत्तावीस वर्षांनी, ऑक्टोबर १९०३ मध्ये, अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या न्यूयॉर्कमधल्या बैठकीत फ्रँक नेल्सन कोल यांनी उत्तर मांडलं: १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ म्हणजे १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७. एरिक टेंपल बेल यांनी नंतर लिहिलेल्या हकिकतीनुसार कोल फळ्याकडे गेले, एका बाजूला २ चा ६७वा घात वजा १ काढला, दुसऱ्या बाजूला गुणाकार केला, आणि एक शब्दही न बोलता जागेवर येऊन बसले. हे शोधायला तीन वर्षांचे रविवार लागले, असं त्यांनी बेलना सांगितलं. गोष्ट रंगवलेली असेलही, गुणाकार मात्र कोणीही तपासून पाहावा. गणिताच्या पुस्तकांत कोल यांची ही हकिकत अधिक सांगितली जाते. पण त्यामागचा ल्युकाचा विचार जास्त खोल आहे. संख्या मूळ आहे की नाही हे ठरवणं आणि तिचे विभाजक शोधणं ही दोन वेगळ्या जातीची कामं आहेत. पहिलं तुलनेनं सोपं, दुसरं फार अवघड. इंटरनेटवरचे व्यवहार सुरक्षित ठेवणारी आरएसए ही पद्धत याच तफावतीवर उभी आहे.

ल्युकाच्या कसोटीला आजचं रूप दिलं डेरिक हेन्री लेहमर यांनी, १९३० मध्ये. ल्युकाला घातानुसार सुरुवातीची संख्या बदलावी लागे. लेहमर यांनी दाखवलं की ४ पासून सुरुवात केली तर २ सोडून कुठल्याही मूळ घाताला तीच कसोटी लागू पडते, आणि शून्य आलं तर मूळ, नाही आलं तर संयुक्त, असं दोन्ही बाजूंनी पक्कं ठरतं.

ल्युकाच्या संख्येचा विक्रम मोडला १९५१ मध्ये, आणि एकाच वर्षात दोनदा. एमे फेरिये यांनी टेबलावरच्या यांत्रिक गणकयंत्रावर चव्वेचाळीस अंकी मूळ संख्या सिद्ध केली. त्याच वर्षी केंब्रिजच्या एड्सॅक या इलेक्ट्रॉनिक संगणकावर मिलर आणि व्हीलर यांनी एकोणऐंशी अंकी मूळ संख्या मिळवली. ती पाहण्यासारखी आहे: ल्युकाच्या संख्येचा वर्ग करायचा, त्याला १८० नं गुणायचं आणि १ मिळवायचा. इथे संख्येतून १ वजा केला की उरणाऱ्या संख्येचे सगळे विभाजक माहीत असतात, कारण ल्युकाची संख्या मूळ आहे हे आधीच सिद्ध झालेलं. म्हणजे संगणकाला मूळ संख्यांचा पहिला विक्रम मिळाला तोही ल्युकाच्या संख्येच्या जोरावर. पुढच्याच वर्षी, ३० जानेवारी १९५२ रोजी, लॉस एंजलिसच्या स्वॅक संगणकावर राफाएल रॉबिन्सन यांच्या प्रोग्रॅमनं एकाच रात्रीत ५२१ आणि ६०७ हे घात शोधले. पहिल्या संख्येतच १५७ अंक होते.

निव्वळ संख्या म्हणूनही ल्युकाच्या एकोणचाळीस अंकी संख्येत बघण्यासारखं पुष्कळ आहे. युक्लिडनं सांगितलेल्या रीतीनं तिला २ च्या १२६व्या घातानं गुणलं की बारावी परिपूर्ण संख्या मिळते. परिपूर्ण म्हणजे स्वतः सोडून इतर सगळ्या विभाजकांची बेरीज स्वतःइतकी असणारी, ६ किंवा २८ सारखी. ही बारावी सत्याहत्तर अंकी आहे. ल्युकाच्या संख्येला ८ नं भागलं तर ७ उरतात, म्हणून ती दोन किंवा तीन वर्गांची बेरीज म्हणून मांडता येत नाही, पुरे चार लागतात. तिला जुळी बहीण नाही: दोननं लहान संख्येच्या शेवटी ५ येतो, आणि दोननं मोठी संख्या ३ नं भागली जाते. पण त्या मोठ्या शेजारणीला ३ नं भागल्यावर जी संख्या उरते ती मात्र पुन्हा मूळ निघते.

२०१५ मध्ये मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधल्या क्रेग कॉस्टेलो आणि पॅट्रिक लाँगा यांनी फोरक्यू नावाचा संकेतलेखनासाठीचा वक्र मांडला. त्याचं सगळं अंकगणित ल्युकाच्या संख्येनं भागून उरणाऱ्या बाक्यांवर चालतं. कारण तेच: १२७ बिटांवर कापायचं आणि दोन तुकडे मिळवायचे. प्यादी सरकवायची ती युक्ती आता चिपवर वेग वाचवते.

कोणत्याही घडणीची संख्या घेतली तरी ती मूळ आहे का हे माफक वेळात, कुठल्याही न सिद्ध झालेल्या गृहीतकाशिवाय, खात्रीनं ठरवता येतं का, हा प्रश्न पुढे बराच काळ खुला होता. ऑगस्ट २००२ मध्ये आयआयटी कानपूरचे मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी त्याचं ‘होय’ असं उत्तर सिद्ध केलं. भारतातून आलेल्या गणिती निकालांत त्याचं स्थान फार वरचं आहे. मात्र विक्रमी आकाराच्या मूळ संख्या शोधायला आजही मर्सेन कुळच पुढे असतं, कारण ल्युकाच्या कसोटीइतकी स्वस्त कसोटी इतरांना नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरंट यांनी गिम्प्स या जगभर पसरलेल्या प्रकल्पातून शोधून काढलेली संख्या म्हणजे २ चा १३,६२,७९,८४१वा घात वजा १. ती पूर्ण लिहायला ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंक लागतात. तिचा पहिला सुगावा डब्लिनमधल्या एका ग्राफिक्स चिपला वेगळ्या, झटपट चाचणीतून लागला. शिक्कामोर्तब झालं ते ल्युका-लेहमर कसोटीनं. ४ पासून सुरुवात, वर्ग, उणे २, बाकी, १३ कोटी ६२ लाख ७९ हजार ८३९ वेळा. आणि शून्य.

एक प्रश्न १८७६ पासून तसाच पडून आहे. ल्युकाचा निकाल आल्यावर बेल्जियममध्ये शिकवणारे युजीन कातालान यांच्या लक्षात एक साखळी आली. २ घातात ठेवून १ वजा केला की ३. ३ घातात ठेवला की ७. ७ घातात ठेवले की १२७. १२७ घातात ठेवले की ल्युकाची संख्या. पाचही मूळ. मग ल्युकाची संख्याच घातात ठेवली तर? इतर मर्सेन मूळ संख्या अशा घातात ठेवून नेहमी यश येतंच असं नाही. ८१९१ ही मूळ आहे, पण ती घातात ठेवून मिळणारी संख्या संयुक्त निघाली. व्हीलर यांनी १९५३ मध्ये ते इलियाक संगणकावर ल्युकाच्या कसोटीनं दाखवलं, आणि ३३८१९३७५९४७९ हा तिचा विभाजक १९७६ मध्ये सापडला. कातालानच्या साखळीतल्या पुढच्या संख्येत ५ वर सदतीस शून्यं इतक्या अंकांहून जास्त अंक आहेत. ती कोणत्याही यंत्रात मावत नाही, त्यामुळे ल्युकाची कसोटी तिच्यावर चालवता येत नाही. करता येतं ते एवढंच, की तिचा एखादा लहानसा विभाजक पडतो का ते पाहायचं. ऑयलरच्या साच्यानुसार तो ल्युकाच्या संख्येच्या दुपटीच्या पटीत १ मिळवून झालेला असला पाहिजे. असा एकेक उमेदवार घ्यायचा, २ पासून सुरुवात करून १२७ वेळा वर्ग करायचा, दर वेळी उमेदवारानं भागून बाकी ठेवायची. शेवटी २ उरले तर विभाजक सापडला. अनेकांनी असे असंख्य उमेदवार तपासले आहेत. एकही लागलेला नाही.